अटकेतल्या मराठी माणसाला कोर्टात काय कळतं? मानवी हक्क आयोग, न्यायाधीशांचं प्रशिक्षण आणि आपला सीमाभाग

मलप्रभाकाठ (खानापूर)

दर वर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन होतो. आयोग बळकट व्हायला हवा, न्यायाधीशांना मानवी हक्कांचं प्रशिक्षण मिळायला हवं, असं व्यासपीठावरून बोललं जातं. मला ते मनापासून पटतं. पण ते बोलणं तालुक्याच्या कोर्टाच्या पायरीपर्यंत येत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मी खानापूर तालुक्यात कायदा सेवेच्या शिबिरांत मदत करते. जांबोटी, कणकुंबी, नेरसे या बाजूला फिरताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जंगलातून लाकूड आणलं, बांधावरून मारामारी झाली, अशा साध्या केसमध्ये माणूस पकडला जातो. कागद कन्नडमध्ये तयार होतात, हा सही करतो नाहीतर अंगठा उठवतो. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहतो. साहेब विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? प्रश्न कन्नडमध्ये असतो. हा मान हलवतो आणि कागदावर 'तक्रार नाही' अशी नोंद होते. अशाच एका धनगरवाड्यावरच्या माणसाच्या पाठीवरचे वळ मी स्वतः पाहिले आहेत. त्याच्या कागदावरही 'तक्रार नाही' असंच होतं.

ते न्यायाधीश दुष्ट नव्हते. दक्षिणेकडून बदली होऊन आलेले, समोर कामाचा ढीग आणि मराठीचा गंध नाही. ठाण्याचं किंवा कोर्टाचं नाव मी घेणार नाही, कारण हे एका ठिकाणचं दुखणं नाही.

घटनेच्या कलम २२ नं पकडलेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायलाच हवं असं सांगितलं, ते पोलीस कोठडीतल्या माणसाला कुणीतरी तिसरा भेटावा म्हणून. त्या तिसऱ्यालाच त्याचं बोलणं कळत नसेल तर दिल्लीतला आयोग, बेंगळूरचा आयोग, न्यायाधीशांना शिकवणारी भोपाळची अकादमी, सगळं त्या माणसापासून फार लांब राहतं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रशिक्षणाची सुरुवात पहिल्या रिमांडपासून व्हावी. समोरच्याला कोणती भाषा कळते हे न्यायाधीशानं आधी विचारावं आणि उत्तर कागदावर नोंदवावं.

वकील मंडळींनी कायदा नेमका काय म्हणतो ते सांगावं. आणि ज्यांनी आयोगाकडे तक्रार केली आहे त्यांनी अनुभव लिहावेत.

---

कॅम्पातला_वकील

ताई, चांगला विषय काढलात. कायदा तुमच्या बाजूनं आहे, आणि तो आजचा नाही.

१९६२ सालचं हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण बघा. नागपूरकडच्या एका माणसाला प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली, म्हणजे खटला न चालवता खबरदारी म्हणून, डांबून ठेवलं आणि कारणं इंग्रजीत दिली. त्याला हिंदीच येत होती. कारणं तोंडी समजावून सांगितली होती, असा बचाव सरकारनं केला. सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला नाही आणि स्थानबद्धता रद्द केली. साठ वर्षांपूर्वीच हे ठरलेलं आहे.

साध्या अटकेबाबत अलीकडे आणखी ठाम निकाल आले. ७ फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की अटकेची कारणं त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत परिणामकारकपणे पोहोचली पाहिजेत, नाहीतर अटकच बेकायदेशीर ठरते. ६ नोव्हेंबर २०२५ ला मिहीर शहा प्रकरणात त्याच्याही पुढचं पाऊल पडलं. कोणताही गुन्हा असो, कारणं लेखी हवीत आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत हवीत. लगेच देणं शक्य नसेल, तर रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी ती त्याच्या हातात पडायला हवीत. हे पाळलं नाही तर अटक आणि पुढची रिमांड दोन्ही बेकायदेशीर. म्हणजे जांबोटीच्या माणसाला मराठीत कागद द्यायचा की नाही हा ठाणेदाराच्या मर्जीचा भाग राहिलेला नाही.

खटला उभा राहिल्यावरचं सांगतो. जुन्या फौजदारी संहितेचं कलम २७९ असं की साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर भर कोर्टात ती त्याला कळेल अशा भाषेत सांगायची. कलम २७८ प्रमाणे साक्षीदारानं मराठीत सांगितलं आणि लिहून घेतलं दुसऱ्या भाषेत, तर लिहिलेलं त्याला पुन्हा समजावून सांगायचं. कलम २८१ मध्ये आरोपीच्या जबाबालाही तेच संरक्षण आहे, आणि समजावल्यावर त्याला खुलासा करता येतो, भर घालता येते. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात कलमांचे आकडे बदलले, या तरतुदी कायम आहेत.

अजून एक, जे गावात कुणालाच माहीत नसतं. तपासात पोलीस जो साक्षीदारांचा जबाब लिहून घेतात, त्याच्यावर साक्षीदाराची सही घेता येत नाही. कायद्यानंच मनाई आहे. फिर्याद दिली असेल तर ती वाचून दाखवून सही घेतात आणि तिची प्रत फुकट मिळते. अटकेचा पंचनामा वेगळा, त्याच्यावर अटक झालेल्याची आणि साक्षीदाराची सही लागते. पण 'इथं सही कर' म्हटलं की आपला माणूस काहीही असो, सही करतो.

---

येळ्ळूरकर

वकीलसाहेबांनी चांगलं लिहिलंय, पण मला वेगळं बोलायचं आहे.

सीमाप्रश्न सुटल्याशिवाय ह्यातलं काही खरं नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये दावा दाखल केला, तो अजून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. एक पिढी गेली. २०१४ च्या जुलैमध्ये आमच्या गावातला 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक प्रशासनानं काढून टाकला, त्यावेळी गावकऱ्यांना घराघरातून ओढून कसं मारलं ते सगळ्या वाहिन्यांवर दिसलं. म्हाताऱ्या बायका, पोरं कुणी सुटलं नाही. नंतर केसेस आमच्याच पोरांवर. वर्षानुवर्षं तारखा. कामधंदा सोडून कोर्टात जाऊन बसायचं. तेव्हा कुठला आयोग उभा राहिला आमच्या मागं?

भाषा कळली म्हणून मार कमी बसत नाही हो ताई.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

दादा, येळ्ळूरला जे झालं ते कुणीच विसरलेलं नाही. तुमचा राग रास्त आहे.

पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत ज्याला आज रात्री पकडलं त्यानं काय करायचं? गाव कोणत्या राज्यात हा प्रश्न वेगळा आणि कोठडीतल्या माणसाचा हक्क वेगळा. दुसऱ्या हक्काला कुठल्याच निकालाची वाट बघावी लागत नाही. तो आज, या क्षणी, कर्नाटकात राहूनही आपला आहे. सीमाप्रश्न सुटला की सगळं सुटेल या आशेवर आपण हा हक्क वापरायचाच सोडून दिला, असं मला वाटतं. आणि त्यानं आपलं नुकसान झालं.

मार बसू नये म्हणूनच मॅजिस्ट्रेटनं नीट विचारायचं असतं. दोन-चार वेळा वळांची नोंद झाली आणि डॉक्टरकडे पाठवलं, की ठाण्यातला हात आवरतो. नोंदच होत नाही, म्हणून तो आवरत नाही.

---

गुरुजी_निपाणी

दोघांचंही वाचलं. मी शिक्षक होतो, वकील नाही. तरी थोडं जुनं सांगतो.

निपाणीकरांना पोलिसी बळ काय असतं ते १९८१ च्या तंबाखू आंदोलनापासून माहीत आहे. आंदोलन शेतकऱ्यांचं होतं, मराठी-कन्नड असा त्यात भेद नव्हता. गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा देशात मानवी हक्क आयोग नावाची गोष्टच नव्हती. तो आला १९९३ मध्ये. कायदा त्याच साली झाला आणि राष्ट्रीय आयोग १२ ऑक्टोबर १९९३ ला स्थापन झाला. कर्नाटकाचा आयोग २००७ मध्ये कामाला लागला. म्हणजे संस्था आपल्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या आहेत. त्या कमजोर आहेत हे खरं, पण आधी काहीच नव्हतं हेही ध्यानात ठेवावं.

राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष राहिलेले न्या. वेंकटचलय्या, न्या. राजेंद्र बाबू, न्या. दत्तू हे तिघेही कर्नाटकातले. आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाचं म्हणाल, तर १९८८ च्या फेब्रुवारीत बेंगळूरला न्या. भगवतींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रकुलातल्या न्यायाधीशांची बैठक झाली. मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार देशातल्या कोर्टांनी निकाल देताना कसे वापरायचे, याची तत्त्वं तिथं मांडली गेली. जगभर ती बेंगळूरच्या नावानं ओळखली जातात. ज्या राज्याच्या राजधानीत हे घडलं, त्या राज्याच्या सीमेवरच्या तालुका कोर्टात ते दिसावं अशी अपेक्षा करणं जास्त नाही.

माणूस नीट तयार झालेला असला तर काय होतं त्याचं उदाहरण जवळचंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये वंटमुरीत एका आईची विटंबना झाली. मुलगा मुलीला घेऊन गेला म्हणून तिला विवस्त्र करून खांबाला बांधलं. लिहितानाही हात थरथरतो. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा मुख्य न्यायाधीश होते न्या. प्रसन्न वराळे, जन्मानं आमच्या निपाणीचे. भेटीला येणाऱ्यांच्या गर्दीनं त्या माउलीला आणखी त्रास होऊ नये याचीही खंडपीठानं काळजी घेतली. गुन्हेगाराला शिक्षा देणं एक, आणि जिच्यावर अन्याय झाला तिची इज्जत जपणं दुसरं. हे दुसरं शिकवावं लागतं.

---

सौंदत्तीची_वाट

गुरुजींनी वंटमुरीचं लिहिलं म्हणून बोलते. धागा भाषेवर आहे, पण भाषा कळूनही बाईला कोर्टात बोलता येत नाही. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ चा कायदा आहे. तरी देवाला सोडलेल्या बाईच्या पोरांना कागदावर बापाचं नाव विचारून घायाळ करतात. साक्षीला उभी राहिली तर वकील काय काय विचारतात आणि न्यायाधीश ऐकून घेतात. प्रशिक्षणात हेही यायला पाहिजे की कुठला प्रश्न थांबवायचा. असे प्रश्न थांबवायचा अधिकार न्यायाधीशाला पुराव्याच्या कायद्यानं दिलेला आहेच. वापरत नाहीत.

---

कॅम्पातला_वकील

ताई, शंभर टक्के सहमत. अश्लील किंवा निव्वळ अपमान करणारा प्रश्न रोखणं हे न्यायाधीशाचं काम आहे, वकिलानं हरकत घ्यायची वाट बघायची नसते.

---

कृष्णाकाठ_कागवाड

माझ्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही. आई जतची, कन्नड बोलणारी. म्हणून दोन्हीकडचं दिसतं.

इथं जे मराठी माणसाचं होतं तेच पलीकडं जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नड माणसाचं होतं. मामाला जमिनीच्या वादात तिकडच्या कोर्टात साक्ष द्यायची होती. सगळं मराठीत. जे बोलला आणि जे लिहिलं गेलं त्यात फरक राहिला, आणि तो फरक त्याला शेवटपर्यंत भोवला. ही मागणी आपण 'मराठीला न्याय' म्हणून मांडली की अलीकडचे कन्नड मित्र लांब जातात. 'सीमेवरच्या प्रत्येक कोर्टात समोरच्या माणसाची भाषा' अशी मांडली तर तेच सोबत येतील. बेंगळूरची अकादमी आणि महाराष्ट्राची उत्तनची अकादमी, दोन्हीकडे एकच पत्र पाठवा. अलीकडं मराठीचा दुभाषा, पलीकडं कन्नडचा.

---

येळ्ळूरकर

कृष्णाकाठ, हे पटलं. माझी बहीण जतलाच दिली आहे, तिकडचं मला माहीत आहे. पत्रावर माझं नाव घाला.

---

चिक्कोडीची_लेक

मी सध्या पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. संस्थांच्या बाजूनं थोडं सविस्तर लिहिते, कारण धाग्यात न्यायाधीशांवर बरंच आलं आणि आयोगावर कमी.

कोणत्याही देशाचा आयोग खरा स्वतंत्र आहे की नाही हे पॅरिस तत्त्वांवर मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं ती २० डिसेंबर १९९३ ला स्वीकारली. सरकारपासून स्वातंत्र्य, कायद्यानं पक्का पाया, समाजातल्या सगळ्या गटांचं प्रतिनिधित्व आणि पुरेसे पैसे, असा त्यांचा गाभा. सगळ्या देशांच्या आयोगांची एक जागतिक संघटना आहे, ती या तत्त्वांवर श्रेणी देते. आपल्या राष्ट्रीय आयोगाचं 'अ' श्रेणीचं नूतनीकरण २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोनदा लांबणीवर टाकलं गेलं. ज्या कारणांवर बोट ठेवलं गेलं ती आपल्या कामाची आहेत. तक्रारींचा तपास करायला पोलीस खात्यातून आलेले अधिकारी, प्रशासनाच्या शिखरावर सरकारकडून आलेला अधिकारी, आणि सदस्यांत स्त्रिया व अल्पसंख्य कमी. विचार करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा तपास पोलीसच करणार असतील तर खानापूरच्या माणसाला विश्वास कसा वाटावा?

२०१९ च्या दुरुस्तीनं अध्यक्ष आणि सदस्यांची मुदत पाचाची तीन वर्षं झाली. आयोगाचं काम समजायलाच वेळ लागतो, त्यामुळे मला हे बळकटीच्या उलट वाटतं.

दुसरी अडचण म्हणजे आयोगाला समन्स काढता येतं, कागद मागवता येतात, दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत, पण शेवटी तो शिफारस करतो. सरकारनं मानली तर मानली. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटलं की राज्य आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे. कर्नाटकाला तो निकाल थेट लागू नाही, पण धारवाड खंडपीठापुढं कुणी मुद्दा नेला तर आधार म्हणून नक्की उपयोगी पडेल.

१९९३ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे जिच्याकडे कुणी बघत नाही. कलम ३० प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एका सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमता येतं आणि कलम ३१ प्रमाणे तिथं खास सरकारी वकील द्यायचा. पण मानवी हक्क भंगाचे गुन्हे म्हणजे नेमके कोणते, हे कायद्यात सांगितलंच नाही. त्यामुळे देशभर ही न्यायालयं बहुतेक पाटीपुरती राहिली. संसदेनं ती व्याख्या दिली तर बेळगावातच खटला उभा राहू शकेल, बेंगळूर गाठावं लागणार नाही.

आता दक्षिण आफ्रिकेचं बघा. तिथला मानवी हक्क आयोग थेट घटनेतून आलेला आहे आणि नऊही प्रांतांत त्याची कार्यालयं आहेत. भेदभावाच्या तक्रारींसाठी त्यांनी २००० च्या कायद्यानं समता न्यायालयं केली. त्या कायद्यात अशी अट आहे की त्या विषयाचं प्रशिक्षण पुरं केलेल्या न्यायाधीशालाच तिथं बसता येतं. प्रशिक्षण आधी, खुर्ची नंतर. आपल्याकडं दोन-तीन दिवसांचा वर्ग होतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि खुर्चीशी त्याचा काही संबंध नसतो. सीमेवरच्या न्यायालयात नेमणूक करताना 'दुभाष्याच्या मदतीनं सुनावणी कशी घ्यावी' हा वर्ग पुरा केलेला असावा, एवढी अट उच्च न्यायालय स्वतःच्या प्रशासकीय अधिकारात घालू शकतं. कायदा बदलायची गरज नाही.

---

हलशीकर

लेकी, खूप छान लिहिलंस. दुभाष्याला पैसे कोण देणार पण? खेड्यातला माणूस वकिलालाच देऊ शकत नाही.

---

चिक्कोडीची_लेक

काका, आरोपीनं एक रुपया द्यायचा नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १० एप्रिल १९७९ ला मान्य केला. त्याच्या कलम १४ मध्ये फौजदारी खटल्यात दुभाषा मोफत मिळण्याचा हक्क आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगते, आपल्या १९९३ च्या कायद्यात 'मानवी हक्क' या शब्दांच्या व्याख्येतच हा करार येतो. म्हणजे दुभाषा नाकारला तर ती आयोगाकडे नेण्याजोगी तक्रार होते.

---

कॅम्पातला_वकील

लेकीनं मांडलेलं बरोबर आहे, पण कोर्टाच्या आतलं वास्तवही सांगतो.

दुभाष्याचं काम आज कोण करतं? बेंच क्लार्क, नाहीतर कोर्टात ड्युटीला आलेला पोलीस. कधी समोरच्या पक्षाचा वकीलच. पोलिसानं मारल्याची तक्रार पोलिसानंच भाषांतर करून सांगायची! ताईंनी वर्णन केलेली मान हलवणं तिथूनच येतं. म्हणून नुसतं न्यायाधीशांचं प्रशिक्षण पुरणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या कोर्टांना शपथ घेतलेले, पोलिसांशी संबंध नसलेले दुभाषे हवेत. आपल्याकडं मराठी-कन्नड दोन्ही सफाईनं बोलणारी हजारो माणसं आहेत. बेळगावात १९३९ पासूनचं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. तिथल्या दोन्ही भाषा येणाऱ्या मुलांना तयार केलं तर वर्षभरात यादी उभी राहील.

बदल्यांचंही आहे. न्यायाधीश शिकतो, रुळतो, आणि बदली होऊन जातो. नवा आला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शिकवलेलं माणसाच्या डोक्यात न ठेवता कागदात ठेवा. रिमांडच्या छापील नमुन्यातच तीन रकाने असावेत: आरोपीला कळणारी भाषा, दुभाष्याचं नाव, अंगावर जखम दिसते का. रकाना भरायचा म्हटलं की प्रश्न विचारावाच लागतो. मला विचाराल तर अख्ख्या धाग्यातली सगळ्यात लवकर होण्यासारखी गोष्ट ही आहे.

---

नंदगडची_सून

वकीलदादा, एक साधा प्रश्न. माझ्या दिराला ठाण्यात ठेवून मारलं. सोडून दिलं, केस काहीच केली नाही. आयोगाकडं कसं लिहायचं? मला कन्नड लिहायला येत नाही, इंग्रजी तर नाहीच.

---

कॅम्पातला_वकील

वहिनी, मराठीतच लिहा. राष्ट्रीय आयोगाकडं घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत तक्रार करता येते आणि फी नाही. साध्या कागदावर चालते, ऑनलाइनही चालते, मदत क्रमांक १४४३३. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत करा, नंतर आयोग घेत नाही. निनावी किंवा मोघम तक्रार फेटाळतात, म्हणून तारीख, वेळ, ठाणं, काय झालं, कुणी पाहिलं हे स्पष्ट लिहा. राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग, दोन्हीकडं एकदम पाठवू नका. राज्य आयोगाकडं प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, आणि तुम्ही मधेच लटकता.

सगळ्यात आधी दिराला सरकारी दवाखान्यात दाखवा आणि जखमांचा कागद घ्या. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवा असा अर्ज लगेच द्या. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सगळ्या ठाण्यांत कॅमेरे लावून चित्रण दीड वर्ष, ते जमत नसेल तर निदान वर्षभर, जपायला सांगितलं आहे. अर्ज उशिरा गेला की 'पुसलं गेलं' हे उत्तर ठरलेलं. अर्ज मराठीत द्यायलाही हरकत नाही. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं.

वकील लागला तर कायदा सेवा प्राधिकाराला १५१०० वर फोन करा. बाईमाणसाला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

---

नंदगडची_सून

उपकार झाले दादा. उद्याच बिडीला दवाखान्यात नेते.

---

गुरुजी_निपाणी

कलम ३५० निघालं म्हणून आठवलं. त्याच्या पुढंच ३५०-ब आहे, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं. राज्य पुनर्रचनेवेळी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ते आलं. त्यांचं एक विभागीय कार्यालय पूर्वी आपल्या बेळगावातच होतं. तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही काढायचे, हे मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर मान्य झालेलं आहे. खानापूर, बेळगाव, निपाणीत आपण त्याच्या कितीतरी वर आहोत. हे आयुक्तही शिफारसच करतात, पण त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढं जातो. आपलं पत्र त्यांच्याकडंही पाठवावं. कोर्टातल्या दुभाष्यांची उणीव त्या अहवालात एकदा छापून आली, की खासदाराला प्रश्न विचारायला आधार मिळतो.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. पत्राचा मसुदा रविवारी इथंच टाकते. कृष्णाकाठ, कन्नड मसुदा तुम्ही कराल ना? दोन्ही भाषांत एकाच वेळी जाऊ दे.

आत्तापर्यंत जे जुळलं ते असं लिहीन. कर्नाटक उच्च न्यायालयाकडं रिमांडच्या नमुन्यात वकीलसाहेबांचे तीन रकाने आणि पोलिसांव्यतिरिक्त दुभाष्यांची यादी मागायची. बेंगळूर आणि उत्तन इथल्या अकादमींकडं सीमेवर नेमणूक होणाऱ्या न्यायाधीशांसाठी वर्ग, त्यात सौंदत्तीच्या ताईंचा साक्षीतल्या बाईचा मुद्दा धरून. राष्ट्रीय आयोग राज्याराज्यांत जाऊन शिबिर बैठका घेतो, तशी एक बैठक बेळगावात घ्यावी ही विनंती. वंटमुरीपासून कणकुंबीपर्यंतची माणसं तिथं स्वतःच्या भाषेत बोलतील. आणि गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना.

येळ्ळूरकर दादा, तुमच्या गावातल्या ज्यांनी इतकी वर्षं तारखा केल्या, त्यांतले दोघं-तिघं पत्रावर सही करायला तयार असतील तर फार बळ येईल. त्यांना साक्षीच्या वेळी कुणी समजावून सांगितलं होतं का, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.

---

येळ्ळूरकर

विचारतो. शनिवारी देवळात सगळे भेटतात, तिथंच विषय काढतो. सही करतील. बोलतील की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, काही जणांना अजून त्या विषयावर बोलवत नाही.

---

कृष्णाकाठ_कागवाड

कन्नड मसुदा माझ्याकडं लागला. जतच्या मामालाही सही करायला सांगतो.